सगळ्यांच्या शेवटी तळणाऱ्या फुलाबाई

“पाव किलो बेसन, पाव किलो साखर! वाणी दत्तक घेतला का वं तू?”

फुलाबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हे. लग्न होऊन मी कुहीकडून नागपूरला आले त्याला पाच महिने झाले होते आणि दिवाळी आठ दिवसांवर होती. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवी घेऊन येत होते. त्या दारात बसून साडीला फॉल लावत होत्या. मला तेव्हाही कोणाशी बोलता येत नव्हतं, आताही फारसं येत नाही. त्यांनी सुई साडीत खोचली, माझ्या पिशवीत हात घातला, एकेक पुडी तळहातावर तोलून पाहिली आणि म्हणाल्या, “जा, वापस करून ये. लाज वाटून राहिली असन तं मी येते संग.”

त्या खरंच आल्या. दुकानदाराने तोंड वाकडं करून पुड्या परत घेतल्या. फुलाबाईंनी पैसे मोजून माझ्या मुठीत ठेवले आणि म्हणाल्या, “हे तुह्या सासूजवळ दे आणि सांग, यंदा आपण फुलाबाईच्या कढईत आहोत.”

त्यांचं पूर्ण नाव पंचफुला. उंच, हाडकुळ्या, पुढचे दोन दात थोडे बाहेर. साडी घोट्याच्या बरीच वर नेसायच्या. त्यांचे मालक हातमागावर साड्या विणायचे. ते वारले तेव्हा त्यांनी माग विकला, पण मागाचा खड्डा तसाच ठेवला. विणणारा माणूस ज्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तो. त्यांच्या समोरच्या खोलीत दारातून आत आलं की तो लागायचा. पाहुणे दचकायचे. “बुजवत काहून नाही?” असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, “बुजवाले मुरूम लागते, मुरमाले पैसे लागते. आणि मी बसू कुठं?” त्या खरंच तिथे बसायच्या. खड्ड्यात पाय सोडून, काठावर टेकून, पुढ्यात काम घेऊन. दिवाळीत पुढ्यात मोठी शेगडी असायची आणि शेगडीवर कढई. बाकीच्या बायका मांडी घालून तळायला बसल्या की तासाभरात त्यांच्या पायाला मुंग्या यायच्या. फुलाबाई सकाळी बसल्या की दुपारी उठायच्या.

आम्ही सहा घरं त्या कढईत होतो. दसरा झाला की फुलाबाई सहा घरांचे पैसे गोळा करायच्या आणि मस्कासाथच्या बाजारात पायी जायच्या. येताना तेलाचा पंधरा किलोचा डबा आणि डाळ-साखरेची पोती सायकलरिक्षात ठेवायच्या आणि आपण रिक्षाच्या मागून चालत यायच्या. मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. रिक्षावाला म्हणाला, “बाई, बसा ना, एवढी जागा आहे.” त्या म्हणाल्या, “बसलो तं तू पैसे वाढवशीन. डब्ब्याले पाय नाही, मले आहेत.” मग मीही चालले. वाटेत त्यांनी मला डाळ कशी पाहायची ते शिकवलं. दाताखाली कडकन फुटली पाहिजे. चिवट लागली तर ओली आहे, वजनात पाणी विकून राहिला असं समजायचं.

बेसन विकत घ्यायचं नाही, डाळ दळून आणायची, हा त्यांचा नियम होता. पण दळण्यातही नियम होता. चक्कीवर आपल्या आधी कोणाचं काय चाललं आहे ते पाहायचं. गहू चालू असेल तर रांगेतून बाहेर निघायचं आणि डाळवाली बाई येईपर्यंत थांबायचं. कारण पहिलं ओंजळभर पीठ आधीच्या माणसाचं असतं आणि आपलं ओंजळभर चक्कीत राहतं. एका वर्षी त्यांनी मला चक्कीवर अडीच तास उभं केलं होतं. चक्कीवाला हसत होता. मला रडू येत होतं. पण घरी आल्यावर त्यांनी पिठाचा गोळा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “गव्हाचा कण नाही. शाब्बास.” मला चौथीनंतर कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

पणत्या आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवायच्या, नाहीतर कोरडी माती आधी आपणच तेल पिते. वाती मागाच्या उरलेल्या सुताच्या. ते सूत त्यांच्याकडे कधी संपलं नाही. फराळाची ताटं एकमेकांकडे पाठवायची त्यांनी बंद करून टाकली होती. “एकाच कढईतली चकली. याच्या घरून त्याच्या घरी, त्याच्या घरून याच्या घरी. रस्त्यात चार लेकरं खातात आणि आपण रिकामी ताटं धुतो. कायले फिरवता वं?” फटाक्यांचंही तसंच. गल्लीतली लेकरं त्या आमच्या गच्चीवर घेऊन जायच्या. पलीकडे मोठ्या लोकांच्या बिल्डिंगी आहेत. तिथल्या आतषबाजीकडे बोट दाखवून म्हणायच्या, “फुटते त्याइच्या पैशानं, दिसते आपल्याले. टाळ्या वाजवा.” लेकरं टाळ्या वाजवायची. लेकरांच्या आया मात्र खालून त्यांना शिव्या द्यायच्या, कारण एखादं लेकरू रडत खाली यायचंच.

त्या गोड बोलणाऱ्या नव्हत्या, हे मी लिहिलं पाहिजे. कोणी नवी साडी घेतली की आधी किंमत विचारायच्या आणि मग दुसऱ्या दुकानात ती कितीला मिळाली असती ते सांगायच्या. नवी साडी नेसून आलेल्या बाईचं तोंड उतरायचं. बचत सगळ्यांना पाहिजे होती. ती सांगणारी बाई कोणाला नको होती.

कढईत आधी काय आणि मागून काय, हे त्या ठरवायच्या. नव्या तेलात शंकरपाळे, मग चकली, मग शेव. करंज्या त्यानंतर, कारण एखादी फुटली की सारण तेलात जातं. आणि अनारसे सगळ्यात शेवटी. अनारशाचं पीठ बिघडलं की तो तेलात पडताच विरघळून पसरतो. आमच्याकडे म्हणतात अनारसा हसला. तो हसला की खसखस जळते, तेल काळं पडतं आणि फेस धरतं. मग त्या तेलात दुसरं काही तळता येत नाही. म्हणून सहाही घरांचं सगळं आटोपल्याशिवाय कोणी अनारशाचं नाव काढायचं नाही.

घरांचा क्रम दर वर्षी बदलायचा. यंदा पहिलं असलेलं घर पुढच्या वर्षी दुसरं. फक्त फुलाबाईंचं घर कधी बदललं नाही. त्या सगळ्यांच्या शेवटी तळायच्या. पैसे सगळ्यांइतकेच भरायच्या आणि कढईच्या तळाशी जे लालसर तेल उरेल त्यात आपल्या चार चकल्या आणि मूठभर शेव काढायच्या. मी एकदा म्हटलं, “मावशी, यंदा तुम्ही आधी तळा.” त्या म्हणाल्या, “माह्या घरी कोण येऊन राहिलं खाले?”

त्यांच्या घरी यायला पाहिजे होती ती त्यांची मुलगी, मंगला.

मंगलाचं लग्न मौद्याला झालं. घर बरं होतं. शेती होती, जावई ट्रॅक्टर चालवत होता. पहिल्या दिवाळसणाला जावई आला तेव्हा मी फुलाबाईंच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. त्यांनी जावयाला कपडे केले, स्टीलची भांडी दिली, ओवाळलं. विहीणबाईही आल्या होत्या. त्यांनी ओवाळणीचं ताट पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “दिवाळसणाले जावयाच्या बोटात अंगठी घालतात. तुमच्याकडे नसन रीत. आमच्याकडे आहे. तुम्ही अंगठी घालान तवा आम्ही पोरगी दिवाळीले पाठवू.” आवाज चढला नाही, भांडण झालं नाही. जेवून, पान खाऊन त्या गेल्या. पुढच्या दिवाळीला मंगला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

फुलाबाईंचा हात आधीपासून आखडता होता, पण त्यानंतर त्या स्वतःच्या घरात तर चहातही साखर मोजून टाकायच्या. दिवाळीत जे वाचेल ते सोनाराकडे जमा. दर महिन्याला फॉल-बिडिंगच्या कमाईतलं थोडं. पण सोन्याचा भाव त्यांच्यापेक्षा जोरात चालत होता. त्या शंभराच्या जवळ गेल्या की तो दीडशेवर असायचा. त्या सोनाराकडून परत आल्या की मी विचारायचे, “झालं का मावशी?” आणि त्या म्हणायच्या, “आणखी थोडंसं. पुढच्या खेपेले.”

लग्नाच्या चौथ्या वर्षी मंगलाला दिवस गेले. दिवाळीला तिला सातवा लागणार होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. विहीणबाईंचा निरोप आला, धनतेरसला अंगठी घेऊन या, पोरगी तुमच्यासंग पाठवतो, दिवाळीही करेल आणि बाळंतपणही. सोनाराकडे अंगठी तयार होती. शेवटचे पैसे भरायचे तेवढे राहिले होते. ते फुलाबाईंनी एका कापडी पिशवीत घालून कमरेला खोचले होते. हे गल्लीत फक्त मला माहीत होतं. त्यांनी जुन्या सुती साड्या धुऊन मऊ केल्या आणि खड्ड्यात पाय सोडून बाळाची दुपटी शिवायला बसल्या. दोऱ्याला दात लावताना त्या गुणगुणत होत्या. मी त्यांना गुणगुणताना तेव्हाच ऐकलं.

त्या वर्षी कढईत पहिलं घर आमचं होतं.

माझ्या सासूबाईंच्या भावाकडे कुहीला अनारसे पाठवायचे होते. गावचा एक माणूस त्याच दिवशी दुपारी जाणार होता. सासूबाई मला म्हणाल्या, “शंकरपाळ्याच्या आधी चार अनारसे काढून घे. फुलाबाईले का कळते? आणि कळलं तं कळलं.” मी पीठ घेऊन गेले. नळ आला होता, बाकीच्या बायका पाणी भरायला गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघीच होतो. कढईत नवं तेल तापत होतं, तळ दिसत होता. मी फुलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

“तुह्या सासूले नियम माईत नाही का?”

“माईत आहे. पण मी अनारसे न घेता गेले तर...”

माझं पुढचं वाक्य झालं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. आमच्या घरातला आवाज त्यांच्या भिंतीतून त्यांना ऐकू जायचा. त्या म्हणाल्या, “टाक चार. हळू टाक.”

मी चार टाकले. चारही हसले. पाहता पाहता तेलावर जाळी पसरली, खसखस काळी झाली, फेस कढईच्या काठापर्यंत चढून आला. पीठ मी सैल भिजवलं होतं, गूळ जास्त झाला होता. तीन किलो तेल होतं ते. मी तिथेच बसले आणि पदर तोंडात कोंबला.

फुलाबाई ओरडल्या नाहीत. शेगडी बंद केली, ते तेल थोडं निवू दिलं आणि आपल्या घरच्या पितळेच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, गाळून स्वयंपाकघरात झाकून ठेवलं. कढई पुसली. डब्यातलं नवं तेल ओतलं. माझ्या पिठात तांदळाची कोरडी पिठी मळली आणि आपल्या लहान तव्यात, आपल्या बाटलीतल्या तेलात, एकेक करून अनारसे काढून दिले. जाळीदार, सोनेरी. मग म्हणाल्या, “कोणाले सांगू नको. तुह्या सासूच्या कानावर गेलं तं तुले जगू देणार नाही. मी पाहून घेईन. माहं सगळं त्या काळ्या तेलात निघते, मले का फरक पडते?”

सासूबाईंनी ते अनारसे पाहिले आणि शेजारच्या विमलताईंना दाखवले. “पाह्य, माह्या सुनेचा हात.”

तिसऱ्या दिवशी दुपारी डबा संपला. फुलाबाईंचं सोडून दोन घरं तळायची राहिली होती आणि त्यातलं एक विमलताईंचं. विमलताई गल्लीत सगळ्यात शिकलेल्या, दहावी झालेल्या, बोलायला पक्क्या. त्यांनी रिकामा डबा उलटा करून पाहिला.

“फुलाबाई, दर वर्षी डब्बा पुरते. उरते, ते आपण वाटून घेतो. यंदा का झालं?”

“यंदा नाही पुरला.”

“काहून नाही पुरला? घरं तेवढीच, सामान तेवढंच. तेलाले पाय फुटले का?”

“मी भरून देईन ना वं. ओरडते कायले?”

“भरून देणार म्हणजे गेलं कुठं ते तं सांगा.”

फुलाबाईंनी झारा पुसायला घेतला. विमलताई उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात असं कोणी जात नाही, पण त्या गेल्या, आणि मागून आणखी दोघी. पितळेच्या गंजावरचं झाकण काढल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

“हे पाह्य! हे पाह्य वं बाया! गंजभर तेल. आम्हाले हिशेब शिकवते, पणत्या भिजवाले लावते आणि आपल्या घरात तेल भरून ठेवते.”

“काळं आहे ते,” कोणीतरी म्हणालं.

“काळं असो का गोरं, तेल आहे ना? आम्ही पैसे भरले ना?”

मग सगळ्या बोलायला लागल्या. कोणाला मागच्या वर्षीची चकली आठवली, कोणाला त्याच्या मागच्या वर्षीची साखर. एक म्हणाली, “जावयाची अंगठी कुठून येते, आता कळलं.” अंगठीचं त्यांना कुठून कळलं मला माहीत नाही. आणि माझ्या सासूबाई, ज्यांचे अनारसे त्या तव्यातून निघाले होते, त्या माझ्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, “मी तं पयलेच म्हणत होती. एवढी मायाळू बाई फुकट काम कायले करन?”

फुलाबाई खड्ड्यात पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. फक्त एकदा मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं असेल? पोळी एका बाजूने भाजते तेवढा. त्या मला गप्प राहायच्या बोलीतून मोकळं करत होत्या. तोंडाने नाही, पण मला ते नीट कळलं होतं. मी एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. तेल माझ्या अनारशांनी गेलं, एवढंच. सासूबाईंचा हात माझ्या दंडाला लागत होता. मी खाली पाहिलं. माझ्या पायाच्या अंगठ्याला पीठ लागलं होतं, ते मी दुसऱ्या पायाने पुसत राहिले.

फुलाबाईंनी कमरेची पिशवी काढली. गाठ सोडायलाही त्या थांबल्या नाहीत. विमलताईंच्या पुढ्यात ठेवली.

“घ्या. दोन घराचं तेल आणा. बाकीच्याइचं मागच्या वर्षीचं काय असन ते घ्या. त्याच्याही मागचं घ्या.”

मला वाटलं, कोणी घेणार नाही. विमलताईंनी पिशवी उचलली, पैसे मोजले आणि तिथेच वाटले. माझ्या सासूबाईंनीही घेतले. त्या पैशांचे आम्ही लवंगी फटाके आणले. दुसऱ्या दिवशी धनतेरस होती. फुलाबाई सोनाराकडे गेल्या नाहीत, मौद्याला गेल्या नाहीत. दार लावून बसल्या. त्या काळ्या तेलात त्यांनी काही तळलं की नाही, ते मला कळलं नाही.

मंगला आली नाही. बाळंतपण मौद्यालाच झालं. मुलगा झाला. बारशाला फुलाबाई गेल्या तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, आता नातू झाला, आता अंगठीनं नाही भागत, आता लेकराच्या गळ्यात साखळी घाला. मग पाठवू.

पुढच्या दिवाळीला सामायिक कढई लागली नाही. सहा घरांनी सहा कढया लावल्या, नाहीतर दुकानातून पाकिटं आणली. सासूबाई म्हणाल्या, “यंदा खर्च लय झाला वं, काहून असं?” फुलाबाई गल्ली सोडून वाठोड्याकडे एका खोलीत राहायला गेल्या. जाताना घरमालकाने त्यांना तो खड्डा बुजवायला लावला. त्यांनी स्वतः घमेल्याने माती आणून बुजवला. मी दारातून पाहत होते. मदतीला गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

सासूबाई त्यानंतर पाच वर्षांनी गेल्या. म्हणजे ज्यांची भीती होती त्या गेल्या. तरी मी आणखी एक दिवाळी गप्प बसले. भीती माणसाबरोबर जात नाही हे मला तेव्हा कळलं, किंवा ती भीती नव्हतीच, सवय होती. शेवटी गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी विमलताईंच्या घरी गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. अनारसे, फेस, गंज, सगळं. विमलताई डबे पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या.

“असं होतं का? मंग तिनं तवाच सांगाले पायजे होतं ना वं. आम्हाले का स्वप्न पडते?” आणि पुढचा डबा घेऊन म्हणाल्या, “जाऊ दे. झालं ते झालं. काजूकतली आणली आहे, घेऊन जा पोराइले.”

मी काजूकतली घेतली. नाही म्हणता आलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी मी एका कामाला पारडीकडे गेले होते. भंडारा रोडवरच्या बसस्टॉपवर फुलाबाई उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते, दात आणखी पुढे आल्यासारखे वाटले. खांद्याला पिशवी, हातात पिठाचा डबा. मी ओळखीचं हसले. त्या हसल्या नाहीत, पण सरकून मला सावलीत जागा दिली.

“कुठं चालल्या मावशी?”

“मौद्याले. विहिणीकडे. दर दिवाळीले आठ दिवस बोलावते ते मले. फराळाले. मोठं घर आहे, मजूर आहे, पाहुणे आहे, चार डब्बे तेल लागते. आचारी लावला तं किती घेईन? मी फुकट करते आणि तेलही कमी लागते माह्या हातानं. हे तिले कोणीतरी सांगतलं.”

“आणि मंगला?”

“पोरगी समोर बसून लाटते, मी तळते. नातू मांडीवर येऊन बसते. आठ दिवस.” त्यांनी डबा उचलून दाखवला. “पीठ आपलं नेते. पोरीच्या घरचं खात नाही मी. एका कोपऱ्यात आपल्या भाकरी टाकते.”

मी म्हटलं, “मावशी, मी विमलताईले सांगतलं. तेलाचं. सगळं.”

“कधी?”

“चार दिवस झाले.”

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. एक ट्रक गेला, मग दुसरा.

“नातू दुसरीत गेला माहा,” त्या म्हणाल्या. “त्याच्या बारशाच्या आधी सांगतलं असतं तं काही कामाचं होतं. आता कोणाले देऊ ते?”

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पिशवी मध्ये धरली. तेवढ्यात मौद्याची गाडी आली. गर्दी होती. त्या दोन माणसांना कोपर मारून आधी चढल्या, खिडकीजवळची जागा धरली आणि पिशवी मांडीवर घेतली. मी खाली खिडकीशी उभी राहिले. कंडक्टर मागून तिकिटं फाडत येत होता. फुलाबाईंनी मोजून सुटे पैसे काढले आणि मुठीत धरून मला म्हणाल्या, “आता बायाइले अर्धंच तिकीट आहे, माईत आहे ना? अर्ध्या तिकिटात पोरगी पाहून येते मी. सांग बरं, एवढी बचत कोणाची झाली गल्लीत?”

आणि त्या हसल्या. गाडी हलली तेव्हा त्या कंडक्टरशी बोलत होत्या. त्याने दिलेले सुटे त्यांनी दोनदा मोजले, एक नाणं परत करून दुसरं मागून घेतलं आणि मौद्याच्या दिशेने तोंड करून बसल्या.